होम थिएटर रिसीव्हरचे वॅट आणि चाचण्यांतील आकडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागांतून रिसीव्हर, म्हणजे सिनेमाचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरना वाटून देणारे अॅम्प्लिफायरचे यंत्र, घेण्यापूर्वी, आणि खरे सांगायचे तर बहुधा घेऊन झाल्यावर, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो, तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. खोक्यावर लिहिलेले वॅट म्हणजे नेमके काय?

रिसीव्हर स्पीकरच्या तारांवर व्होल्टेज देतो आणि स्पीकर त्याला ओहममध्ये मोजला जाणारा अडथळा करतो. व्होल्टेजच्या वर्गाला ओहमने भागले की वॅट मिळतात. ८ ओहमच्या भारावर २८.३ व्होल्ट आले तर १०० वॅट होतात; तेच व्होल्टेज ४ ओहमवर टिकवता आले तर २०० वॅट होतात. यंत्र तेच, आकडा दुप्पट. म्हणून वॅटच्या आकड्याजवळ चार गोष्टी लिहिलेल्या असल्याच पाहिजेत: किती ओहमवर मोजले, कोणत्या वारंवारतेवर मोजले, किती टक्के टीएचडी, म्हणजे लहरीची किती मोडतोड (डिस्टॉर्शन), चालवून घेतले आणि एका वेळी किती चॅनेल, म्हणजे स्पीकरचे स्वतंत्र मार्ग, चालू होते. या चारपैकी एखादी गोष्ट जरी लिहिलेली नसेल तर त्या आकड्यावर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही.

२. आरएमएस, पीक, डायनॅमिक आणि पीएमपीओ यांपैकी कोणता आकडा पाहावा?

आरएमएस म्हणून जो लिहिलेला असतो तो पाहावा. काटेकोरपणे बोलायचे तर आरएमएस हे व्होल्टेजचे माप आहे आणि त्यावरून काढलेली शक्ती ही सरासरी शक्ती असते. पण बाजारात शब्द रुळला आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. शुद्ध साइन लहरीची पीक शक्ती सरासरीच्या दुप्पट असते, त्यामुळे '२०० वॅट पीक' म्हणजे साधे १०० वॅट. डायनॅमिक आकडा क्षणभराच्या झटक्याचा असतो. तो खोटा नसतो, पण त्यावरून दोन यंत्रांची तुलना करू नये. पीएमपीओला मोजण्याची कोणतीही मान्य पद्धत नाही. टेपरेकॉर्डरच्या काळापासून तो आकडा स्टिकरवर फुगत आला आहे आणि त्याची जागा स्टिकरवरच आहे.

३. एका रिसीव्हरवर ८० वॅट लिहिले आहेत, दुसऱ्यावर १४५. किंमत जवळपास सारखी. १४५ वालाच घ्यावा ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून हिशेब पूर्ण मांडतो. समजा पहिल्यावर '८० वॅट, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के टीएचडी, दोन चॅनेल चालू' असे आहे आणि दुसऱ्यावर '१४५ वॅट, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के टीएचडी, एक चॅनेल चालू' असे बारीक अक्षरांत आहे.

दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या अटींवर आणू. १४५ ला ६ ने गुणले की ८७०. त्याचे वर्गमूळ सुमारे २९.५, म्हणजे ते यंत्र २९.५ व्होल्ट देत होते. तेवढेच व्होल्टेज ८ ओहमवर धरले तर ८७० भागिले ८, म्हणजे सुमारे १०९ वॅट. आता १० टक्के टीएचडीचा प्रश्न. लहरीचे शेंडे छाटले जाऊ लागल्यावरही आवाज वाढवत नेला की मोजलेली शक्ती आणखी पाव ते तिसऱ्या हिश्श्याने वाढते. ही छाटलेली शक्ती काढून टाकली की १०९ चे ८२ ते ८७ वॅट उरतात. शिवाय ही चाचणी एकाच चॅनेलची होती. दुसरा चॅनेल चालू केला की वीजपुरवठ्याचे व्होल्टेज थोडे खाली येते आणि आकडा ८० च्या आसपास स्थिरावतो.

म्हणजे दोन्ही यंत्रे एकाच ताकदीची निघाली. दोघांनीही खोटे लिहिलेले नाही. जेइटा या जपानी इलेक्ट्रॉनिक्स उद्योग संघटनेच्या पद्धतीत १० टक्क्यांचा आकडा देण्याची प्रथाच आहे. फरक इतकाच, की एकाने अवघड परीक्षेचे गुण छापले आणि दुसऱ्याने सोप्या परीक्षेचे. खडेबाजारातून माहितीपत्रक घरी आणावे, समोर पाटी-पेन्सिल घ्यावी आणि हा हिशेब करूनच पुन्हा दुकानात जावे. दुकानदाराने हाच हिशेब आपल्याला करून दाखवल्याचा अनुभव मला अजून आलेला नाही.

४. या अटींवर कोणाचे काही बंधन आहे का?

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये घरगुती अॅम्प्लिफायरच्या जाहिरातींसाठी नियम केला, कारण त्या काळी वॅटची चढाओढ हाताबाहेर गेली होती. २०२४ मध्ये तो सुधारण्यात आला आणि ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, १ टक्क्याहून कमी डिस्टॉर्शन अशा अटी ठरवून देण्यात आल्या. हा नियम अमेरिकेतील जाहिरातींना लागू आहे, गणपत गल्लीतल्या खोक्याला नाही. पण त्याचा आपल्याला उपयोग असा, की एकाच मॉडेलचे अमेरिकेतील माहितीपत्रक पाहिले तर बहुधा कडक अटींचा आकडा सापडतो. आपल्याकडील यंत्रावरचा बीआयएसचा शिक्का विद्युत सुरक्षिततेबद्दल असतो. तो वॅटची ग्वाही देत नाही.

५. माझा हॉल १४ बाय १८ फुटांचा आहे. किती वॅट पुरतील?

वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ८० आणि १०० वॅटमध्ये १ डेसिबलचाच फरक आहे. तो सिनेमा पाहताना कोणाच्या लक्षातही येणार नाही.

त्याऐवजी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी पाहावी. २.८३ व्होल्ट (८ ओहमवर १ वॅट) दिले असता एक मीटरवर किती डेसिबल येतात, हा तो आकडा. समजा स्पीकर ८७ डेसिबलचा आहे आणि आपण साडेतीन मीटरवर बसता. अंतरामुळे मोकळ्या जागेत ११ डेसिबल कमी होतात आणि १०० वॅट दिल्याने २० वाढतात, म्हणजे एका स्पीकरकडून ९६ डेसिबल. भिंतींवरून परतणारा आवाज त्यात आणखी थोडी भर घालतो. हाच स्पीकर ९० डेसिबलचा घेतला तर ५० वॅटमध्ये तेवढाच आवाज मिळतो. आपल्या भागातील जुन्या घरांत माडीची लाकडी तक्तपोशी किंवा वर कौले असतात आणि सोप्याची एक बाजू मोकळी असते. तेथे आवाज बाहेर निसटतो. स्लॅबच्या बंद खोलीत तो घुमतो. अशा खोलीत आधी पडदे आणि सतरंजी घालावी.

तुलनेसाठी, चित्रपटगृहाच्या संदर्भ पातळीनुसार प्रत्येक मुख्य चॅनेलला १०५ डेसिबलचे शिखर गाठता आले पाहिजे. इतक्या मोठ्याने घरी फार थोडे लोक ऐकतात, आणि शेजारी तर कोणीच ऐकू इच्छित नाही. सबवूफरला, म्हणजे खर्जाच्या स्पीकरला, स्वतःचा अॅम्प्लिफायर असेल आणि बाकीचे स्पीकर ८० हर्ट्झच्या खाली कापले असतील, तर रिसीव्हरवरचा सर्वांत जड भार आधीच उतरलेला असतो. आपल्या मापाच्या हॉलला, ८८ डेसिबलच्या आसपासचे स्पीकर धरून, प्रश्न ३ मधील ८० वॅटचे यंत्र पुरेसे आहे.

६. '७ × १०० वॅट' लिहिलेल्या रिसीव्हरला चाचणीत सातही चॅनेल चालू असताना ४५ वॅटच मिळाले. ही फसवणूक नाही का?

दोन चॅनेलची अट बारीक अक्षरांत लिहिलेली असेल तर कायद्याच्या भाषेत फसवणूक नाही. '७ ×' हे चिन्ह मात्र दिशाभूल करते, असे माझे मत आहे. सातही अॅम्प्लिफायर एकाच ट्रान्सफॉर्मरवर जगतात. सर्वांनी एकदम पूर्ण मागणी केली की पुरवठ्याचे व्होल्टेज खाली येते किंवा संरक्षक सर्किट मुद्दामच आवाज आवरते.

तरीही या आकड्याने घाबरून जाऊ नये. चित्रपटात सातही चॅनेलवर एकाच क्षणी अखंड साइन लहर कधी नसते. संवाद बहुतेक मधल्या स्पीकरवर असतात आणि मागचे स्पीकर बराच वेळ जवळजवळ गप्प असतात. सर्व चॅनेलची चाचणी वीजपुरवठा किती दणकट आहे ते सांगते, रोजच्या ऐकण्याबद्दल फारसे सांगत नाही. दोन चॅनेलवर १००, पाचवर ७० आणि सातवर ५५ अशी उतरण सभ्य म्हणावी. दोनवर १०० आणि पाचवर एकदम २५ आले, तर तेथे संरक्षक सर्किट मध्ये पडले आहे असे समजावे.

७. मागच्या पट्टीवर वीजवापर ४३० वॅट लिहिला आहे. मग ७ × ९० म्हणजे ६३० वॅट येणार कुठून?

शंका रास्त आहे, पण त्या पट्टीवरून निष्कर्ष काढता येत नाही. सुरक्षिततेच्या मानकांनुसार तो वीजवापर यंत्र ठरलेल्या शक्तीच्या एक-अष्टमांशावर चालवून मोजतात, कारण संगीताची सरासरी मागणी साधारण तेवढी असते. ती यंत्राची कमाल मर्यादा नव्हे. क्षणिक शिखरांसाठी लागणारी शक्ती कॅपॅसिटरमध्ये साठलेली असते. अर्थात ६३० वॅट सतत देणे त्या यंत्राला जमणार नाही, हे प्रश्न ६ वरून लक्षात येईलच.

८. चाचणीतला वॅट आणि डिस्टॉर्शनचा आलेख कसा वाचावा?

आडव्या रेषेवर वॅट आणि उभ्या रेषेवर डिस्टॉर्शन व गोंगाट यांची एकत्रित टक्केवारी असते. डावीकडून रेघ खाली उतरत येते. तेथे यंत्राचा गोंगाट स्थिर असतो आणि सिग्नल वाढत जातो, म्हणून टक्केवारी घटते. मग एका जागी रेघ गुडघ्यासारखी वाकते आणि सरळ वर चढते. तो गुडघा म्हणजे यंत्राची खरी मर्यादा. बहुतेक परीक्षक १ टक्क्याला 'क्लिपिंग', म्हणजे लहरीचे शेंडे छाटले जाणे, धरतात आणि काही ०.१ टक्क्याचाही आकडा देतात. गुडघा तीव्र असेल तर या दोन आकड्यांत फार अंतर नसते. रेघ गुडघ्याच्या खूप आधीपासून हळूहळू वर चढत असेल, तर ते यंत्र मर्यादेजवळ अस्वस्थ होते असे समजावे.

परीक्षकाने भिंतीतील विजेचे व्होल्टेज स्थिर ठेवले होते का, हेही पाहावे. कारण प्रश्न ११ मध्ये आहे.

९. सिनॅड ७५ आणि सिनॅड ९५ यांत किती फरक ऐकू येतो?

सिनॅड म्हणजे सिग्नल आणि त्यातील गोंगाट व डिस्टॉर्शन यांच्यातील अंतर, डेसिबलमध्ये. ६० म्हणजे ०.१ टक्का, ८० म्हणजे ०.०१ टक्का, १०० म्हणजे ०.००१ टक्का. चांगल्या घडणीची खूण म्हणून हा आकडा उपयोगी आहे. पण स्पीकर स्वतःच, विशेषतः खर्जात, सहज १ टक्क्याच्या वर जातो. त्यामुळे ७५ च्या पुढे चित्रपटासाठी हा आकडा मी निर्णायक मानत नाही. अतिशय सेन्सिटिव्ह स्पीकर जवळून ऐकणाऱ्याला शांततेत सूं आवाज येत असेल, तर तेथे गोंगाटाचा वेगळा आकडा पाहावा.

१०. माझे स्पीकर ४ ओहमचे आहेत. मेनूमधली ओहमची सेटिंग बदलू का?

स्पीकरवर लिहिलेला ओहमचा आकडा नाममात्र असतो. वारंवारतेनुसार अडथळा वर-खाली होतो. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या मानकाप्रमाणे तो नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमवाला ६.४ च्या खाली उतरू नये. सगळे उत्पादक हे पाळतात असे नाही.

मेनूतील कमी ओहमची सेटिंग बहुतेक यंत्रांत अॅम्प्लिफायरचे अंतर्गत व्होल्टेज कमी करते, म्हणजे यंत्र तापू नये म्हणून त्याची ताकदच घटवते. चाचण्यांत या सेटिंगवर वॅट स्पष्टपणे उतरलेले दिसतात. पुस्तिकेत ४ ओहमसाठी ती सेटिंग सक्तीची असेल तर ती पाळावी, कारण वॉरंटीचा प्रश्न असतो. ४ ओहमचे स्पीकर मोठ्या आवाजात चालवायचे असतील तर प्रश्न १५ मधील मार्ग अधिक चांगला.

११. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडते. त्याचा वॅटवर परिणाम होतो का?

होतो, आणि खानापूर ते अथणीपर्यंतच्या वाचकांसाठी मला हा प्रश्न कॅटलॉगमधील सर्व आकड्यांहून महत्त्वाचा वाटतो. नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरच्या यंत्रात अॅम्प्लिफायरचे अंतर्गत व्होल्टेज भिंतीतल्या व्होल्टेजच्या प्रमाणात असते, आणि वॅट व्होल्टेजच्या वर्गाने बदलतात. २३० चे २०० झाले की १०० वॅटचे सुमारे ७६ होतात. १८० झाले की ६१. उसाच्या पट्ट्यात नदीकाठचे पंप एकदम सुरू झाले की १८० हा आकडा काही नवलाचा नाही.

तरी हे नुकसान डेसिबलमध्ये मोजावे. ७६ वॅट म्हणजे १.२ डेसिबल कमी, ६१ म्हणजे सुमारे २.१ डेसिबल. आवाज फारसा लहान वाटणार नाही. फक्त क्लिपिंग थोडे आधी येईल. व्होल्टेज त्याहून खाली जात असेल तर यंत्र मध्येच बंद पडू शकते आणि तेव्हा स्टॅबिलायझर आवश्यक ठरतो. तो पट्टीवरील वीजवापराच्या किमान दुप्पट क्षमतेचा असावा. टीव्हीसाठीचा लहान स्टॅबिलायझर लावला तर शिखरांच्या वेळी तोच अडसर बनतो. ज्या यंत्रांत नियंत्रित स्विचिंग पुरवठा, म्हणजे भिंतीतले व्होल्टेज बदलले तरी आतले स्थिर ठेवणारा पुरवठा, असतो, त्यांच्यावर हा परिणाम फारच कमी होतो.

१२. वीज गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर रिसीव्हर चालवला तर चालेल का?

साइन वेव्ह इन्व्हर्टरवर चालेल. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरमध्ये एक गोम आहे, जी मीटर दाखवत नाही. मीटर २३० व्होल्टच दाखवेल. पण साइन लहरीचे शिखर ३२५ व्होल्ट असते आणि शुद्ध चौकोनी लहरीचे शिखर २३०च. रिसीव्हरमधील कॅपॅसिटर शिखरापर्यंतच भरतात, त्यामुळे अंतर्गत व्होल्टेज सुमारे ७१ टक्क्यांवर येते आणि वॅट निम्मे होतात. वर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, ते वेगळेच.

१३. नातेवाइकांनी परदेशातून रिसीव्हर आणला आहे. तो येथे पूर्ण ताकदीने चालेल का?

आखाती देशांतील बहुतेक यंत्रे २२० ते २४० व्होल्टची असतात, त्यांना अडचण नाही. सौदी अरेबियातून आणलेले यंत्र मात्र पट्टी पाहूनच जोडावे. अमेरिकेतील यंत्र १२० व्होल्टचे आणि जपानमधील १०० व्होल्टचे असते. त्यांना स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो लहान घेतला की भाराखाली त्याचे व्होल्टेज घसरते आणि पुन्हा प्रश्न ११ चाच हिशेब लागू होतो. १२० व्होल्टचे यंत्र थेट २३० वर लावू नये, हे लिहावे लागू नये, पण लिहितो.

१४. मिरवणुकीतील डॉल्बीचे वॅट आणि रिसीव्हरवरच्या डॉल्बीचे वॅट एकच का?

आपल्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीलाच 'डॉल्बी' म्हणण्याची पद्धत पडली आहे. रिसीव्हरवरचे डॉल्बी हे आवाज साठवण्याच्या आणि चॅनेलमध्ये वाटण्याच्या तंत्राचे नाव आहे. त्याचा वॅटशी संबंध नाही. डॉल्बीचा शिक्का असलेला रिसीव्हर ५० वॅटचाही असू शकतो. मिरवणुकीच्या अॅम्प्लिफायरचे आकडे बहुधा २ किंवा ४ ओहमवर आणि थोड्या वेळाच्या सिग्नलवर मोजलेले असतात, म्हणून घरगुती आकड्यांशी त्यांची तुलना करायची तर आधी प्रश्न ३ प्रमाणे अटी समान कराव्या लागतील.

१५. रिसीव्हरला वेगळा अॅम्प्लिफायर जोडायचा आहे. प्री-आउटचा कोणता आकडा पाहावा?

प्री-आउट, म्हणजे बाहेरच्या अॅम्प्लिफायरला सिग्नल देणारा रिसीव्हरचा जोड, किती व्होल्टपर्यंत स्वच्छ राहतो, ते पाहावे. २९ डेसिबल गेनचा अॅम्प्लिफायर व्होल्टेज सुमारे २८ पट करतो, त्यामुळे ८ ओहमवर १०० वॅटसाठी त्याला फक्त १ व्होल्ट लागतो. प्री-आउट २ व्होल्टपर्यंत स्वच्छ असेल तर चिंता नाही. काही रिसीव्हरमध्ये आतले अॅम्प्लिफायर चालूच राहतात आणि ते क्लिप होऊ लागले की प्री-आउटचेही डिस्टॉर्शन वाढते. ते बंद करण्याची सोय मेनूत आहे का, हे चाचणीत पाहावे.

१६. बाय-अँप केल्याने वॅट दुप्पट होतात का?

नाही. बाय-अँप म्हणजे एकाच स्पीकरच्या खर्जाच्या आणि तीव्र स्वरांच्या भागांना रिसीव्हरचे दोन वेगळे चॅनेल जोडणे. दोन्ही चॅनेल त्याच ट्रान्सफॉर्मरवर असतात आणि दोघांनाही तेच पूर्ण सिग्नल व्होल्टेज द्यावे लागते, त्यामुळे क्लिपिंगची मर्यादा जवळजवळ तीच राहते. तारेचा खर्च वाचवावा.

१७. क्लास-डीच्या चाचण्या वेगळ्या पद्धतीने वाचाव्या लागतात का?

दोन बाबतींत होय. क्लास-डी म्हणजे अतिवेगाने चालू-बंद होत काम करणारा अॅम्प्लिफायर. त्याच्या आउटपुटमध्ये ऐकू न येणारा, उच्च वारंवारतेचा स्विचिंगचा अवशेष असतो; मोजताना तो गाळून टाकणारा फिल्टर वापरला नसेल तर डिस्टॉर्शनचा आकडा विनाकारण वाईट दिसतो. दुसरे म्हणजे, काही रचनांत १० किलोहर्ट्झच्या वरचा प्रतिसाद स्पीकरच्या अडथळ्याप्रमाणे बदलतो. म्हणून ४ आणि ८ ओहमवरचे प्रतिसाद एकाच आलेखात दिले असतील तर ते आवर्जून पाहावेत. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर ती रचना चांगली.

१८. हे सगळे घरी मोजता येईल का?

पूर्ण नाही, पण एक गोष्ट अवश्य मोजावी. २०० हर्ट्झची साइन लहर रोजच्या आवाजात वाजवावी आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावावा. ८ ओहमच्या स्पीकरवर १ व्होल्ट दिसला तर ०.१२५ वॅट, २.८३ व्होल्ट दिसले तर १ वॅट. रात्री बातम्या ऐकताना आपण एक वॅटही वापरत नाही, हे पाहून अनेकांचा विश्वास बसत नाही.

कमाल वॅट मोजण्यासाठी मात्र स्पीकर लावू नये. अखंड मोठ्या साइन लहरीने ट्वीटर आणि कॉइल जळतात. त्यासाठी ८ ओहमचा जाड वायरवाउंड रेझिस्टर लागतो, आणि तो हात भाजण्याइतका तापतो. ऑसिलोस्कोप जोडणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी: काही क्लास-डी यंत्रांत स्पीकरचे काळे टर्मिनलही जमिनीला जोडलेले नसते, तेथेही सिग्नल असतो. स्कोपची अर्थ क्लिप त्याला लावली की आउटपुट शॉर्ट होते. अशा यंत्रावर दोन प्रोब घेऊन दोन्ही टर्मिनलमधील फरक मोजावा, आणि अर्थ क्लिप मोकळी ठेवावी.